गुहेंतील बिनशेपटीचा विंचू

जुन्या पुस्तकांचें कपाट पुष्कळ दिवसांनीं उघडावें, दमट झालेला एखादा ग्रंथ हातीं घेऊन पानें चाळूं लागावें, आणि शिवणीजवळून तिळाएवढा एक तपकिरी जीव हळूहळू चालतांना दिसावा, असा अनुभव ग्रंथप्रेमी माणसांना क्वचित् येतो. डोळे बारीक करून न्याहाळलें तर अंगावर कांटा उभा राहतो. कारण आकार थेट विंचवाचा. तशाच दोन नांग्या पुढें पसरलेल्या, तशाच पायांच्या चार जोड्या. काडीनें डिवचलें तर तो नांग्या आंखडून मागच्या मागें झपाट्यानें सरकतो. विंचवाची जी खरी खूण, ती पाठीवर वळलेली शेपटी, त्याला मात्र मुळींच नसते.

हें दृश्य फार प्राचीन आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल यांनीं प्राण्यांविषयींच्या आपल्या ग्रंथांत, पुस्तकांत आढळणाऱ्या व शेपटी नसलेल्या विंचवासारख्या बारीक जीवांचा उल्लेख करून ठेविला आहे. पुढें इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिलेल्या वस्तूंचें जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांतहि हा जीव आहे. सप्टेंबर महिन्यांत एके दिवशीं ते वाचीत बसले असतां तो त्यांच्या पुस्तकावरूनच संथपणें चालत आला. त्यांनीं त्याला यंत्राखालीं धरिलें आणि खेकड्यासारखा कीटक म्हणून त्याचें वर्णन केलें. इ. स. १७५८ त लिनियस यांनीं त्याला शास्त्रीय नांव दिलें, तेव्हां त्याची गणना गोचिडीच्या भाऊबंदांत केली. एकाला तो विंचू वाटला, दुसऱ्याला खेकडा, तिसऱ्याला गोचीड; आणि वस्तुतः तो या तिघांपैकीं कोणीच नव्हे. विंचू, कोळी व गोचीड ज्या अष्टपाद प्राण्यांच्या वर्गांत मोडतात त्याच वर्गांतला, पण स्वतंत्र घराण्याचा असा हा जीव आहे. शास्त्रांत त्याला 'स्यूडोस्कॉर्पियन' म्हणतात; मराठींत छद्मविंचू म्हणावें. या घराण्याच्या ३५०० हून अधिक जाति आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि घराणें अतिप्राचीन आहे: अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत गिल्बोआ येथील खडकांत सुमारें ३८ कोटी वर्षांपूर्वींचा जो छद्मविंचू सांपडला, तो आजच्या छद्मविंचवांहून फारसा निराळा नाहीं.

आपल्या भाषेंत येथें एक मौज आहे. खेकडा जिनें धरतो तीहि नांगी आणि विंचू जिनें मारतो तीहि नांगीच. छद्मविंचवाजवळ पहिली आहे, दुसरी नाहीं. परंतु दुसरीचें विष पहिलींत येऊन राहिलें आहे! नांगीच्या बोटाच्या टोंकाशीं एक सूक्ष्म दांत असतो व विषाची नळी त्यांतून बाहेर उघडते. भक्ष्य चिमट्यांत सांपडलें कीं तें धरणें व निश्चेष्ट करणें हीं दोन्ही कामें एकाच अवयवानें उरकतात. माणसानें मात्र भिण्याचें कारण नाहीं. आपल्या कातडीपुढें या दांताचें कांहीं चालत नाहीं. उलट ग्रंथसंग्रहांत राहणारा छद्मविंचू कागदावरची बुरशी खाणाऱ्या बारीक किडींवर जगतो, म्हणून त्याला पुस्तकांचा बिनपगारी राखणदारच समजावें.

परंतु आजच्या विवेचनाचा विषय कपाटांतला छद्मविंचू नव्हे, त्याचा गुहेंतला आप्त आहे. आणि त्यांतूनहि विशेषतः अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत राहणारा एक. त्याच्या अंगावरचे केंस व पायांचे सांधे मोजून जें नांव निश्चित झालें, त्या नांवासाठीं पुढें वरिष्ठ न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी आली. तें प्रकरण समजण्यास या जीवाच्या शरीराची थोडी ओळख हवी.

छद्मविंचवाचें शरीर दोन भागांचें असतें. पुढच्या भागावर एकसंध ढाल असते. मागचें पोट बारा वलयांचें असून तें मागें गोलाकार होऊन संपतें. खऱ्या विंचवाच्या पोटाचीं शेवटचीं वलयें अरुंद होऊन त्यांची शेपटी बनते. येथें तसें कांहीं घडत नाहीं. श्वासोच्छ्वासाची व्यवस्थाहि निराळी. विंचवाच्या पोटांत वहीच्या पानांसारख्या पापुद्र्यांचीं फुप्फुसें असतात, तर छद्मविंचवाच्या पोटाखालीं श्वासरंध्रांच्या दोनच जोड्या असून त्यांतून बारीक वायुनलिका शरीरभर पसरतात. तोंडाशीं दोन आंखूड चिमटे असतात. त्यांनीं तो भक्ष्य फोडतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलें अन्न शोषून घेतो. या चिमट्याच्या चालत्या बोटावर, टोंकाजवळ, रेशीम सोडण्याचा अवयव असतो. कोळी पोटाच्या टोंकानें सूत काढतो, हा तोंडानें काढतो! जाळें मात्र हा विणीत नाहीं. कात टाकावयाची झाली, अंडीं संभाळावयाचीं झालीं किंवा थंडीचे दिवस काढावयाचे झाले, म्हणजे मातीचे कण जोडून तो लहानशी बंद कोठडी बांधतो आणि आंतून तिला रेशमाचें अस्तर लावतो. मादी आपलीं अंडीं पोटाखालीं एका पिशवींत चिकटवून बाळगते व आंतल्या गर्भांना आपल्या शरीरांतला पोषक द्रव पुरविते. इतक्या क्षुद्र जीवाच्या ठायीं हें आईपण पाहून कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां नांगी. ओळखीचें सर्व मर्म तिच्यांत आहे. खांद्यापासून मोजीत गेल्यास एक आंखूड सांधा, मग मांडीसारखा लांब भाग, मग गुडघ्यासारखा भाग, आणि शेवटीं फुगीर पंजा. पंजाला दोन बोटें: एक पंजाशीं जखडलेलें, अचल, दुसरें बिजागरीवर फिरणारें. दोन्ही बोटांच्या आंतल्या कडांना करवतीसारखे दांत असतात. यांखेरीज पंजावर व बोटांवर असाधारण लांबीचे, अत्यंत नाजूक असे कांहीं केंस असतात. प्रत्येक केंस एका सूक्ष्म वाटींत उभा असतो. अंगावरच्या इतर केंसांहून हे सर्वस्वीं निराळे; हवेची यत्किंचित् हालचाल झाली तरी ते थरथरतात व ती वार्ता मज्जातंतूंकडे पोंचवितात. शेजारून एखादी पिटुकली कीड गेली तर छद्मविंचवाला ती दिसत नाहीं, परंतु तिच्या चालण्यानें हाललेली हवा त्याला कळते.

बहुतेक कुलांत, प्रौढ छद्मविंचवाच्या एका नांगीवर या संवेदक केंसांची संख्या बारा असते: अचल बोटाच्या बाजूला आठ, चालत्या बोटावर चार. अंड्यांतून निघाल्यानंतर प्रौढ होईपर्यंत पिल्लाच्या तीन अवस्था होतात आणि प्रत्येक कात टाकल्यावर केंस वाढतात. पहिल्या अवस्थेंत अचल बाजूस तीन व चालत्या बोटावर एक. दुसरींत सहा व दोन. तिसरींत सात व तीन. नंतर प्रौढाचे आठ व चार. घोड्याचे दांत पाहून वय सांगावें तसें येथें केंस मोजून वय सांगतां येतें. ही मोजदाद केवळ कुतूहलाची नव्हे. जातीचीं लक्षणें प्रौढाच्या शरीरावर ठरलेलीं असतात. हातीं आलेला नमुना पिल्लू निघाला तर त्याचें कुल सांगतां येतें, पुष्कळदां वंशहि सांगतां येतो, पण जाति सांगण्याचें धाडस शहाणा मनुष्य करीत नाहीं.

या केंसांच्या जागांना पद्धतशीर नांवें देऊन वर्गीकरणाचा पाया घातला तो अमेरिकन शास्त्रज्ञ जे. सी. चेंबरलिन यांनीं. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या विषयांतला आधारग्रंथ समजला जातो. त्याच्या अगोदर, १९२९ सालीं, त्यांनीं केवळ पायांच्या सांध्यांवरून सर्व छद्मविंचवांचे तीन गट पाडले होते. पायाचें शेवटचें पाऊल एका तुकड्याचें आहे कीं दोन तुकड्यांचें, एवढेंच पाहावयाचें. चारहि जोड्यांत तें एका तुकड्याचें असेल तर एक गट. पुस्तकांतला छद्मविंचू यांतला. चारहि जोड्यांत दोन तुकड्यांचें असेल तर दुसरा. पुढच्या दोन जोड्यांत एक व मागच्या दोन जोड्यांत दोन तुकडे असतील तर तिसरा. नंतरच्या पिढ्यांनीं या वर्गीकरणांत पुष्कळ फेरफार केले; तथापि अनोळखी नमुना हातीं आला म्हणजे अभ्यासकाची नजर आजहि प्रथम पायांकडेच वळते.

त्यानंतर विषाची नळी. ती दोन्ही बोटांत आहे, एकांतच आहे, कीं कोठेंच नाहीं? पुस्तकांतल्या छद्मविंचवाला ती दोन्ही बोटांत असते. कांहीं कुलें अजीबात निर्विष आहेत. आणि ज्या कुलाशीं या भाषणाचा विशेष संबंध आहे त्या 'निओबिसिइडी' कुलांत ती फक्त अचल बोटांत असते. हें सर्व पाहण्याची कृति तशी सोपी, पण हाताला स्थैर्य पाहिजे. मद्यार्कांत ठेवलेला नमुना काढून एका बाजूची नांगी, तोंडाचा एक चिमटा व एकदोन पाय सुईनें अलग करावयाचे. ते लॅक्टिक आम्लासारख्या द्रवांत ठेवून पारदर्शक करावयाचे. मग कांचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचे. मांडीसारख्या भागाची लांबी रुंदीच्या किती पट आहे, बोट पंजापेक्षां लांब आहे कीं आंखूड, दांत किती, बारा केंसांपैकीं बोटाच्या मुळाशीं किती व टोंकाशीं किती, तोंडाच्या चिमट्यावरील रेशमाचा अवयव फांद्यांसारखा फुटलेला आहे कीं नुसता टेंगळासारखा आहे, हे सगळे आंकडे व आकृति जुळल्या म्हणजे नांव ठरतें. रंगावर विसंबणारा येथें हमखास फसतो.

गुहा म्हटली कीं महाराष्ट्रांतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं उभीं राहतात. तीं माणसानें काळ्या पाषाणांत कोरलेलीं. येथें अभिप्रेत असलेल्या गुहा चुनखडीच्या असून त्या पाण्यानें कोरलेल्या आहेत. पावसाचें पाणी हवेंतला व मातींतला कार्बनिक वायु शोषून किंचित् आम्ल होतें, खडकाच्या फटींतून झिरपतें आणि लक्षावधि वर्षांत दगड विरघळवून आंत दालनें व बोळ तयार करतें. तेथें सूर्यप्रकाश कधींच पोंचत नाहीं, हवेचें तपमान वर्षभर बहुधा एकच असतें, आर्द्रता भरपूर आणि अन्न अत्यल्प. अशा ठिकाणीं केवळ गुहेंतच राहणारा छद्मविंचू शास्त्राला प्रथम कळला तो युरोपांतील पोस्टोयना येथील प्रसिद्ध गुहेंत. तो मुलूख त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होता; आज स्लोव्हेनिया देशांत आहे. कोपनहेगनचे डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ शिअटे यांनीं १८४७ सालीं त्याचें वर्णन केलें. आज त्याला 'निओबिसियम स्पेलेअम' म्हणतात आणि तो वर सांगितलेल्या निओबिसिइडी कुलांतलाच आहे.

त्याच्या उघड्यावरच्या आप्तांना, जे पालापाचोळ्याखालीं राहतात, चार डोळे असतात. याला एकहि नाहीं. ढालीवर जेथें डोळे असावयाचे ती जागा सपाट आहे. आप्तांच्या नांग्या आटोपशीर, याच्या सडपातळ व लांबलचक; पायहि तसेच लांब. अंगाचा रंग फिकट. डोळे गेले आणि केंसांना अधिक दूरवर नेऊन धरणाऱ्या नांग्या आल्या, असा हा सौदा दिसतो. शिअटे यांच्या लेखनाचा आधार डार्विन यांनीं १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत घेतला असून गुहेंतल्या प्राण्यांचे डोळे वापर नसल्यामुळेंच गेले असें मत दिलें आहे. आज शास्त्रज्ञ हें निराळ्या रीतीनें मांडतात. अंधारांत डोळ्यांत निपजणारे दोष निसर्ग निवडून काढीत नाहीं, म्हणून ते सांचत जातात. शिवाय जेथें पोटाला पुरेसें मिळत नाहीं तेथें निरुपयोगी अवयव पोसणें परवडत नाहीं. कसेंहि असो, परिणाम विलक्षण एकसारखा आहे. पोस्टोयनापासून हजारों कोसांवर, महासागरापलीकडे, त्याच कुलांतले दुसरे छद्मविंचू दुसऱ्या गुहांत शिरले आणि त्यांचेहि डोळे गेले, त्यांच्याहि नांग्या लांब झाल्या. यामुळेंच ओळख अवघड होते. दोन गुहांतले दोन आंधळे, फिकट, लांब नांग्यांचे जीव एकमेकांसारखे दिसतात; पण तें साम्य रक्ताचें कीं एकाच प्रकारच्या दारिद्र्याचें, हें वरून पाहून सांगतां येत नाहीं. तें सांगतात ते केंस, दांत व विषाची नळी.

टेक्सासची राजधानी ऑस्टिन. त्या शहराच्या वायव्येस चुनखडीचें पठार आहे आणि त्यांत शेंकडों लहानमोठ्या गुहा आहेत. ओढ्यांनीं खोल दऱ्या पाडून या पठाराचे तुकडे तुकडे केले आहेत. उघड्यावर वावरणाऱ्या प्राण्याला दरी ओलांडतां येते, अंधाराबाहेर जगूंच न शकणाऱ्याला येत नाहीं. म्हणून तेथें एकेक तुकडा हा समुद्रांतल्या बेटासारखा झाला असून त्याचे रहिवासी निराळे झाले आहेत. यांतली एक 'टूथ केव्ह' म्हणजे दंतगुहा. तेथील छद्मविंचवाचें वर्णन रॉचेस्टर विद्यापीठाचे विल्यम मचमोर यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. लांबी सुमारें चार मिलिमीटर, डोळे नाहींत, नांग्या सडपातळ. मचमोर यांनीं त्याला 'मायक्रोक्रिएग्रिस टेक्साना' असें नांव दिलें.

यांतला 'मायक्रोक्रिएग्रिस' हा वंश १८९२ सालीं आशियांतल्या छद्मविंचवांसाठीं निर्माण झाला होता. कालांतरानें त्याची धर्मशाळा झाली. जगाच्या कोणत्याहि कोपऱ्यांतून आलेला, साधारण त्या ठेवणीचा प्राणी त्यांत उतरविला जाऊं लागला. बेलग्रेडचे प्राध्यापक च्युर्चिच यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही धर्मशाळा रिकामी करण्यास प्रारंभ केला आणि १९८४ सालीं अमेरिकेंतल्या कांहीं गुहावासी जातींसाठीं 'टार्टारोक्रिएग्रिस' हा नवा वंश स्थापिला. ग्रीक पुराणांतील टार्टारस म्हणजे पाताळ. नांव अगदीं समर्पक आहे. दंतगुहेंतला छद्मविंचूहि पुढें या पाताळांत दाखल झाला व 'टार्टारोक्रिएग्रिस टेक्साना' झाला.

नांवांची ही उलाढाल चालू असतां जमिनीवर निराळी उलाढाल चालली होती. ऑस्टिन शहर झपाट्यानें वाढत होतें. पठारावर रस्ते, घरें, दुकानें येत होतीं. गुहांचीं तोंडें बुजविलीं जात होतीं. संकटग्रस्त प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा अमेरिकेंत १९७३ सालीं झालेला होता. त्याखालीं १६ सप्टेंबर १९८८ रोजीं या परिसरांतल्या गुहांतील पांच जीवांना संरक्षण मिळालें: एक कोळी, दोन भुंगेरे, कोळ्यासारखा दिसणारा लांब पायांचा एक 'हार्व्हेस्टमन', आणि आपला छद्मविंचू. त्या वेळीं हा छद्मविंचू केवळ दोनच गुहांतून ठाऊक होता, दंतगुहा आणि अँबर गुहा. सरकारी यादींत त्याचें नांव अर्थात् जुनेंच पडलें. पुढें वंश बदलला तरी त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. कारण घराचा पत्ता बदलला होता, माणूस तोच होता.

हार्व्हेस्टमनची गोष्ट याहून नाजूक झाली. १९९२ सालीं त्या वंशाची नव्यानें छाननी झाली, तेव्हां ज्याला एकच जाति समजून संरक्षण दिलें होतें त्यांत वस्तुतः दोन जाति आहेत असें आढळून आलें. एका भुंगेऱ्याचेंहि तसेंच निघालें. आतां नव्या नांवाच्या जातींना यादींत स्थान कोणतें? तीं नांवें तर कायद्यांत नाहींत! ऑगस्ट १९९३ मध्यें सरकारनें खुलासा केला कीं, हे जीव यादींतल्या जातींचा भाग समजूनच रक्षिले गेले होते, म्हणून नव्या नांवांनींहि त्यांचें संरक्षण अबाधित आहे. आणि पांचांचे सात झाले. सूक्ष्मदर्शकाखालचा एखादा सूक्ष्म फरक आणि जमिनीवरचें कुंपण यांचा संबंध किती निकटचा असूं शकतो, तें येथें दिसतें. हाच फरक उलट दिशेनेंहि जाऊं शकतो. दोन जाति वस्तुतः एकच ठरल्या, आणि ती एक सर्वत्र विपुल निघाली, तर कुंपणाचें कारणच उरत नाहीं. म्हणून नांव ठरविणाऱ्यावर प्रामाणिकपणाचें ओझें मोठें असतें. प्राणी वांचावा अशी कितीहि इच्छा असली तरी त्याला आठाचे नऊ केंस मोजतां येत नाहींत.

प्रकरण अखेर न्यायालयांत गेलें. ऑस्टिनजवळ सुमारें २१६ एकर जमिनीच्या तुकड्यावर बांधकाम करण्याचा कांहीं मालकांचा बेत होता. त्या जमिनींत अनेक गुहा होत्या व त्यांत संरक्षित जीवांपैकीं सहा होते. छद्मविंचू त्यांत एक. परवानगी मिळेना, तेव्हां मालकांनीं सरकारच्या अधिकारालाच आव्हान दिलें. त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. मध्यवर्ती सरकारला जो अधिकार आहे तो संस्थानासंस्थानांमधील व्यापाराचें नियमन करण्याचा. हे जीव एकाच संस्थानांत राहतात, कोणी त्यांची खरेदी करीत नाहीं, विक्री करीत नाहीं, मग व्यापाराशीं त्यांचा संबंध काय? २००३ सालीं अपील न्यायालयानें निर्णय दिला. एकट्या या गुहावासी जीवांचा व्यापारावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाहीं, ही गोष्ट न्यायालयानेंहि एका परी मान्य केली. परंतु कायदा सर्व संकटग्रस्त जातींचा मिळून एक आहे. त्यांतली एकेक जाति बाजूला काढून ही बिनमोलाची, तीहि बिनमोलाची, असें करीत गेल्यास कायद्याचें वस्त्र उसवत जाईल. म्हणून सर्वांचा एकत्रितच विचार केला पाहिजे, असें म्हणून त्यानें सरकारचा अधिकार कायम केला. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत लक्ष घालण्याचें नाकारलें आणि निकाल पक्का झाला. मालकांची बाजू सर्वस्वीं अन्यायाची होती असें म्हणवत नाहीं. ज्यानें जमिनींत पैसा घातला त्याला चार मिलिमीटरच्या जीवापुढें थांबावें लागणें हें कठीणच. पण जमीन दुसरीकडे मिळते, दंतगुहा मिळत नाहीं.

कायद्यानें गुहा राखली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. गुहेंत हिरवें रोप उगवत नाहीं. तेथलें सर्व अन्न बाहेरून येतें. तें आणणारा मुख्य हमाल म्हणजे गुहेंत राहणारा रातकिडा. तो दिवसा छताला बिलगून बसतो, रात्रीं बाहेर पडून चरतो आणि पहाटे परत येतो. त्याची विष्ठा, त्याचीं अंडीं, त्याचें मृत शरीर यांवर बारीक किडी जगतात, आणि त्या किडींवर छद्मविंचू. म्हणून गुहेच्या तोंडाला लोखंडी दार बसवून भोंवतालचें गवत व झाडी मोडून टाकली, तर दारामागें उपासमारच कोंडली जाते. त्यांतच दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या तांबड्या आगमुंग्यांचें संकट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बोटींतून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याला लागलेल्या या मुंग्या टेक्सासभर पसरल्या असून उकरलेली, उघडी पडलेली जमीन त्यांना विशेष मानवते. त्या रातकिड्यांचें अन्न पळवितात आणि गुहांत शिरून तेथल्या जीवांवर तुटून पडतात. त्यांना मारण्यासाठीं विष घालावें तर तेंहि झिरपून गुहेंतच जावयाचें. यास्तव गुहांजवळच्या वारुळांवर उकळतें पाणी ओतण्याचा जुना, कष्टाचा उपाय करावा लागतो. १९९६ पासून ऑस्टिन शहर व ट्रॅव्हिस जिल्हा यांनीं मिळून पठाराचे कांहीं तुकडे राखीव ठेविले आहेत आणि त्यांतल्या गुहांची नियमित पाहणी होते.

ही पाहणी करणाराची अवस्था मोठी चमत्कारिक असते. दिवा लावून, ओणवें होऊन, कधीं पोटावर सरपटत तो एकेक दगड हलकेंच उचलतो व होता तसा परत ठेवतो. दगडाच्या पोटाशीं फिकट रंगाचा, बिनडोळ्यांचा एक छद्मविंचू नांग्या पसरून उभा असतो. तो दंतगुहेच्या जातीचाच आहे काय, हें खात्रीनें सांगावयाचें तर तो मद्यार्काच्या कुपींत जावयास हवा, त्याची नांगी सुटी व्हावयास हवी, केंस मोजले जावयास हवेत; आणि खास परवान्यावांचून त्याला हात लावण्याची कायद्यानें बंदी आहे. परवाना असला तरी कुपींत पडलेला नमुना पिल्लू निघण्याचा संभव असतोच. अचल बोटावर सात, चालत्यावर तीन. अशा वेळीं नोंदवहींत कुलाचें नांव, गुहेचें नांव व तारीख एवढेंच लिहिलें जातें.